ताटातील रोग ओळखणारे वैद्य : डॉ. जोसेफ गोल्डबर्गर

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांमध्ये एका रोगाने थैमान घातले होते. वसंत ऋतू सुरू झाला की हात, पावले, मान आणि चेहरा असा उन्हाला उघडा पडणारा अंगाचा भाग आधी लाल होई, मग काळवंडून सोलू लागे. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उमटत असे. त्यापाठोपाठ जुलाब, तोंड येणे, अशक्तपणा, निद्रानाश आणि अखेरीस बुद्धिभ्रंश. अनेक रुग्णांची अखेर मनोरुग्णालयात होई. या रोगाचे नाव पेलाग्रा. खरखरीत कातडी अशा अर्थाच्या इटालियन शब्दांवरून ते पडले. १९०६ ते १९४० या काळात अमेरिकेत सुमारे तीस लाख लोकांना पेलाग्रा झाला आणि त्यांपैकी सुमारे एक लाख मरण पावले, असा अंदाज आहे. त्यांत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय यांचे प्रमाण मोठे होते.

हा रोग कोणत्याही जंतूमुळे होत नसून तो रोजच्या जेवणातून उद्भवतो, हे ज्यांनी प्रयोगांती सिद्ध केले त्या डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांचे नाव आज आहारशास्त्राच्या इतिहासात आदराने घेतले जाते. आहार आणि आरोग्य यांच्या संबंधाविषयी माणसांवर चाचण्या कशा घ्याव्यात, आणि कशा घेऊ नयेत, या दोन्ही चर्चांमध्ये त्यांच्या कामाचा उल्लेख होतो.

गोल्डबर्गर यांचा जन्म १६ जुलै १८७४ रोजी तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यातील गिराल्ट या गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. घरी मेंढ्यांचे कळप होते. साथीच्या रोगाने ते नष्ट झाल्यावर १८८३च्या सुमारास कुटुंबाने अमेरिकेची वाट धरली. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या स्थलांतरितांच्या दाटीवाटीच्या वस्तीत वडिलांनी किराणा मालाचे दुकान थाटले आणि जोसेफ घरोघरी सामान पोचवू लागले. गरिबाच्या घरी आठवड्याचा बाजार किती आणि कसला जातो, याचे ज्ञान त्यांना पुस्तकातून मिळवावे लागले नाही.

त्यांनी प्रथम अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला होता. मात्र वैद्यकीय महाविद्यालयातील एक व्याख्यान ऐकून त्यांनी मार्ग बदलला आणि १८९५ मध्ये बेलव्ह्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी संपादन केली. पेनसिल्व्हेनियातील खाजगी व्यवसायात त्यांचे मन रमले नाही. १८९९ मध्ये ते सरकारच्या सागरी रुग्णालय सेवेत दाखल झाले. हीच सेवा पुढे अमेरिकेची सार्वजनिक आरोग्य सेवा म्हणून ओळखली जाऊ लागली. बंदरावर उतरणाऱ्या स्थलांतरितांची तपासणी हे त्यांचे पहिले काम. एकेकाळी ते स्वतःही असेच बोटीतून उतरले होते.

पुढील पंधरा वर्षे त्यांनी साथीच्या रोगांचा माग काढण्यात घालवली. पीतज्वर, डेंग्यू आणि टायफस या तिन्ही रोगांचा अभ्यास करताना तिन्ही रोग त्यांना स्वतःला झाले आणि तिन्ही वेळा ते वाचले. गवताच्या गाद्यांवर झोपणाऱ्यांच्या अंगावर उठणाऱ्या पुरळाचे कारण शोधण्यासाठी त्यांनी आपला हात गादीत घालून ठेवला आणि गवतातील सूक्ष्म कीटक त्याला जबाबदार असल्याचे दाखवले. १९०६ मध्ये त्यांचा मेरी फरार यांच्याशी विवाह झाला. मेरी या दक्षिणेतील प्रतिष्ठित ख्रिस्ती घराण्यातील होत्या. धर्म आणि सामाजिक स्तर यांतील अंतरामुळे त्या काळी हा विवाह सोपा नव्हता.

१९१४ च्या प्रारंभी आरोग्य सेवेचे प्रमुख रूपर्ट ब्ल्यू यांनी पेलाग्राच्या संशोधनाची धुरा गोल्डबर्गर यांच्याकडे सोपवली. तोपर्यंत बहुतेक तज्ज्ञ हा रोग संसर्गजन्य मानत होते. दक्षिण कॅरोलिनातील गिरणी वसाहतींची पाहणी करणाऱ्या थॉम्पसन-मॅकफॅडन आयोगानेही तसाच कौल दिला होता. कोणी चावऱ्या माशीला दोष देई, तर कोणी बुरशी लागलेल्या मक्याला. जंतुशास्त्राचा तो सुवर्णकाळ होता. प्रत्येक रोगामागे एखादा जंतू असणारच, या समजुतीचा पगडा वैद्यकावर बसलेला होता. गोल्डबर्गर यांची स्वतःची घडणही जंतुशास्त्रातलीच.

असे असूनही काही आठवड्यांच्या पाहणीतच त्यांच्या नजरेने एक साधी गोष्ट टिपली. मनोरुग्णालयांत आणि अनाथालयांत शेकडो रुग्ण पेलाग्राने आजारी होते, पण त्यांची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका आणि सेवक यांच्यापैकी कोणालाही तो होत नव्हता. संसर्गजन्य रोग नोकर आणि रुग्ण असा भेद करीत नाही. असा भेद केला जात होता तो स्वयंपाकघरात. रुग्णांच्या ताटात मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची खारवलेली चरबी यांखेरीज फारसे काही पडत नसे. कर्मचाऱ्यांना मात्र दूध, अंडी आणि मांस मिळत असे.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील अनाथालयांत तर हा भेद वयानुसार दिसून आला. सहा वर्षांखालील बालकांना दूध मिळे, त्यामुळे ती बहुतांशी निरोगी होती. बारा वर्षांवरील मुले कामाला जुंपली जात, म्हणून त्यांना थोडेफार मांस मिळे. मधल्या वयाच्या मुलांच्या वाट्याला दोन्ही येत नसे आणि पेलाग्राचे बहुतेक रुग्ण याच वयोगटातील होते. हीच माहिती आधीच्या तपासनीसांसमोरही होती. त्यांनी सांडपाणी तपासले, माश्या तपासल्या, ताट मात्र तपासले नाही.

गोल्डबर्गर यांनी सरकारी खर्चाने या अनाथालयांतील आणि जॉर्जियातील मिलेजव्हिल येथील मनोरुग्णालयाच्या दोन कक्षांतील आहार बदलला. दूध वाढवले, अंडी व मांस दिले, जेवणात वाटाणे आणि घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे आणले आणि मका कमी केला. स्वच्छतेच्या व्यवस्थेत मात्र मुद्दाम कोणताही बदल केला नाही. पुढच्या वर्षी अनाथालयांतील १७२ जुन्या रुग्णांपैकी केवळ एकाला रोग पुन्हा झाला. मिलेजव्हिलच्या आहार बदललेल्या कक्षांत एकही रुग्ण पुन्हा आजारी पडला नाही. जुन्याच आहारावर राहिलेल्या तुलनेच्या गटातील जवळपास निम्म्यांना मात्र रोगाने पुन्हा गाठले. पुढे निधी आटल्यावर अनाथालयांत जुना आहार परतला आणि त्यापाठोपाठ पेलाग्राही परतला. आहार सुधारताच तो पुन्हा नाहीसा झाला.

कैद्यांवरील चाचणी

आहार सुधारल्याने रोग जातो हे दिसले, तरी टीकाकारांचे समाधान झाले नाही. निकृष्ट आहाराने निरोगी माणसाला पेलाग्रा होतो, हे दाखवणे शिल्लक होते. त्यासाठी गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीचे गव्हर्नर अर्ल ब्रूअर यांचे साहाय्य घेतले. जॅक्सनजवळील रॅन्किन तुरुंग-शेतावरील बारा कैदी चाचणीसाठी पुढे आले. त्यांत जन्मठेपेचे कैदीही होते. मोबदला होता माफी आणि सुटका. बारांपैकी एकाला आजारपणामुळे मध्येच वगळण्यात आले.

४ फेब्रुवारी १९१५ पासून सुमारे अडीच महिने कैद्यांना नेहमीच्या जेवणावर ठेवून केवळ त्यांचे निरीक्षण करण्यात आले. हे शेत स्वतःचे धान्य, भाजी आणि दूधदुभते पिकवीत असे आणि तेथे पेलाग्रा नव्हता. १९ एप्रिलपासून या अकरा जणांना मैदा, मक्याच्या लापशीचे प्रकार, भात, रताळी, थोडी पानकोबी, उसाची काकवी आणि साखर घातलेली कॉफी एवढेच देण्यात आले. पोट भरेल इतके अन्न होते, पण दूध, मांस, अंडी किंवा डाळ यांचा त्यात लवलेश नव्हता. त्यांना स्वच्छ, स्वतंत्र इमारतीत ठेवले होते आणि कामाचा बोजाही इतरांपेक्षा अधिक नव्हता. काही आठवड्यांतच डोकेदुखी, पोटदुखी आणि थकवा यांच्या तक्रारी सुरू झाल्या. सप्टेंबरमध्ये त्वचेवर चट्टे उमटले. ऑक्टोबर अखेरपर्यंत अकरांपैकी सहा जणांना पेलाग्रा झाल्याचे निदान झाले. हे निदान गोल्डबर्गर यांनी स्वतः न करता बाहेरील तज्ज्ञांकडून करवून घेतले. शेतावर नेहमीचे जेवण जेवणाऱ्या इतर कैद्यांपैकी एकालाही रोग झाला नाही.

चाचणीपूर्व निरीक्षणाचा काळ, तुलनेसाठी दुसरा गट आणि त्रयस्थांकडून निदान ही शिस्त त्या काळाच्या मानाने विशेष होती. मात्र एखाद्याला जाणूनबुजून आजारी पाडणे आणि सुटकेच्या आमिषाने कैद्याची संमती मिळवणे, या गोष्टी आजच्या निकषांवर टिकणाऱ्या नाहीत. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता आणि १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा यांनंतर माणसांवरील संशोधनाचे नियम बदलत गेले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ मध्ये जारी केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही कैद्यांचा समावेश विशेष संरक्षणाची गरज असलेल्या गटांत आहे.

या बंधनांमुळे आहाराच्या चाचण्या सुरक्षित झाल्या, पण अवघडही झाल्या. तुरुंगातील ताटावर नजर ठेवता येते, घरातील ताटावर ठेवता येत नाही. अमेरिकेत ४८,८३५ स्त्रियांना सामावून घेतलेल्या आणि सुमारे आठ वर्षे चाललेल्या कमी चरबीच्या आहाराच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीय घटल्याचे तीत सिद्ध होऊ शकले नाही. सांगितलेला आहार स्त्रियांनी कितपत पाळला, हाच चर्चेचा विषय ठरला. ताटाऐवजी गोळी देऊन पाहण्याचा मार्गही निर्धोक नाही. फिनलंडमधील २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी वाढल्याचे १९९४ मध्ये दिसून आले. पेलाग्राच्या बाबतीत उत्तर सहा महिन्यांत आणि डोळ्यांना दिसेल असे मिळाले, याचे एक कारण असे की तेथे आहारात खरोखरच एका आवश्यक घटकाची उणीव होती. धष्टपुष्ट समाजातील दीर्घकालीन रोगांचे कोडे इतके सरळ नसते.

स्वतःच्या शरीरावर प्रयोग

रॅन्किनच्या निष्कर्षांनंतरही दक्षिणेतील अनेक डॉक्टरांनी जंतूचा आग्रह सोडला नाही. कैद्यांना झालेला रोग पेलाग्रा नव्हताच, असाही आक्षेप घेण्यात आला. तेव्हा १९१६ मध्ये गोल्डबर्गर यांनी अखेरचा आणि सर्वांत किळसवाणा मार्ग पत्करला. पेलाग्राच्या रुग्णांचे रक्त त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. जॉर्ज व्हीलर यांनी एकमेकांना टोचले. रुग्णांच्या नाका-घशातील स्राव आपल्या नाका-घशात लावला. त्यानंतर रुग्णांच्या त्वचेचे पापुद्रे, मूत्र आणि विष्ठा पिठात मळून केलेल्या गोळ्या त्यांनी गिळल्या. जठरातील आम्लाने जंतू मेले अशी सबब कोणी पुढे करू नये, म्हणून आधी खाण्याचा सोडा घेतला.

असे प्रयोग सात वेळा झाले आणि त्यांत एकूण सोळा जण सहभागी झाले. त्यांत एकच स्त्री होती, ती म्हणजे मेरी गोल्डबर्गर. त्यांनी रुग्णाचे रक्त टोचून घेतले. चार मुलांच्या संसाराचा भार वाहणाऱ्या या गृहिणीने पतीच्या निष्कर्षावर ठेवलेला विश्वास हा या चरित्रातील विलक्षण भाग होय. सोळांपैकी कोणालाही पेलाग्रा झाला नाही.

पगार आणि पेलाग्रा

शास्त्रीय प्रश्न येथे जवळपास सुटला होता. पण दूध आणि मांस खाल्ल्याने रोग टळतो हे ज्यांना कळले, त्यांना ते परवडत नव्हते. गोल्डबर्गर यांनी एडगर सायडेनस्ट्रिकर या अर्थतज्ज्ञांना बरोबर घेऊन १९१६ पासून दक्षिण कॅरोलिनातील कापड गिरण्यांच्या वसाहतींची पाहणी सुरू केली. प्रत्येक घरात कोणते अन्न किती विकत आणले, घरात दूध देणारी गाय आहे काय, मजुरी किती, माणसे किती, याच्या काटेकोर नोंदी घेण्यात आल्या. जंतूंच्या शोधातून घडलेला वैद्य आता किराणा दुकानाच्या वह्या तपासत होता.

उत्पन्न जसे कमी, तसा पेलाग्रा अधिक, असा स्पष्ट संबंध आढळला. तेवढ्यावरच ते थांबले नाहीत. सारखेच उत्पन्न असलेल्या दोन वसाहतींतही रोगाचे प्रमाण भिन्न होते. एके ठिकाणी ताजे मांस व दूध वर्षभर विकत मिळे. दुसरीकडे सभोवार केवळ कापसाची शेते आणि गिरणीच्या मालकीचे दुकान. नगदी पिकाने घराच्या उंबऱ्यापर्यंतची जमीन व्यापल्यावर भाजीचा वाफा आणि दावणीची गाय दोन्ही गेली होती. विदर्भ-मराठवाड्यातील कापूस उत्पादक पट्ट्याशी परिचित असणाऱ्या वाचकाला हे वर्णन फार दूरचे वाटू नये.

१९२० मध्ये कापसाचे भाव कोसळले. पुढील हंगामात पेलाग्राची लाट येणार, असा इशारा आरोग्य सेवेने दिला आणि १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी दक्षिणेला साहाय्य करण्याचे आवाहन केले. त्याचे स्वागत होण्याऐवजी दक्षिणेत संतापाची लाट उसळली. आमच्याकडे उपासमार असल्याची बदनामी होत आहे, तिने गुंतवणूकदार आणि पर्यटक दुरावतील, असा तेथील लोकप्रतिनिधींचा सूर होता. जंतूचा दोष मान्य करणे सोपे होते, कारण जंतूचा कोणी मालक नसतो.

स्वस्त उपायाचा शोध मात्र सुरूच राहिला. कुत्र्यांना होणारा काळ्या जिभेचा रोग पेलाग्राशी मिळताजुळता असल्याने त्यांच्यावर प्रयोग चालू होते. निकृष्ट आहाराला कंटाळलेल्या कुत्र्यांची भूक वाढावी म्हणून जेवणात यीस्ट मिसळण्यात आले आणि त्यांना तो रोग होईनासा झाला. बिअरच्या कारखान्यातील हे वाळवलेले यीस्ट अत्यंत स्वस्त होते. १९२७ मध्ये मिसिसिपी नदीच्या महापुराने लाखो लोक बेघर झाले, तेव्हा रेड क्रॉसने गोल्डबर्गर यांच्या सल्ल्यानुसार छावण्यांमधून हजारो पौंड यीस्ट वाटले.

अन्नातील ज्या घटकाच्या अभावाने पेलाग्रा होतो, त्याला गोल्डबर्गर यांनी पेलाग्रा-प्रतिबंधक घटक असे नाव दिले होते. तो प्रत्यक्ष कोणता, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. १७ जानेवारी १९२९ रोजी मूत्रपिंडाच्या कर्करोगाने वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ५४ वर्षांचे होते. त्यांच्या इच्छेनुसार रक्षा पोटोमॅक नदीत विसर्जित करण्यात आली. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव एकाहून अधिक वेळा सुचवले गेले होते, परंतु तो सन्मान त्यांना मिळाला नाही. अमेरिकी काँग्रेसने मेरी यांना विशेष निवृत्तिवेतन मंजूर केले.

१९३७ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातील कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी निकोटिनिक आम्लाने कुत्र्यांचा तो रोग बरा करून दाखवला आणि कोडे उलगडले. हेच आज नायसिन किंवा ब-३ जीवनसत्त्व म्हणून ओळखले जाते. मक्यात नायसिन असते, पण ते अशा रूपात बांधलेले असते की शरीराला त्याचा लाभ होत नाही. मेक्सिकोतील स्त्रिया शतकानुशतके मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आल्या आहेत. त्यामुळे ते मोकळे होते आणि मका हेच मुख्य अन्न असूनही तेथे पेलाग्रा फारसा आढळत नसे. युरोपियनांनी मका नेला, चुना मात्र तेथेच राहिला. १९४० च्या दशकात अमेरिकेत पिठात व पावात नायसिन मिसळले जाऊ लागले, लोकांचे उत्पन्नही वाढले आणि रोग ओसरला.

दख्खनची ज्वारी

या कथेचा एक धागा दख्खनशी जोडलेला आहे. हैदराबाद परिसरात ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरीब शेतमजुरांमध्ये पेलाग्राचे रुग्ण आढळत होते. ज्वारीत नायसिन मक्यासारखे बांधलेले नसल्याने गोल्डबर्गर यांच्यानंतर उलगडलेले मक्याचे गणित येथे जसेच्या तसे लागू पडत नव्हते. डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये असा सिद्धान्त मांडला की, ज्वारीतील ल्यूसिन या अमिनो आम्लाचे आधिक्य शरीरातील नायसिनच्या निर्मितीत व वापरात अडथळा आणत असावे. या सिद्धान्तावर पुढे बराच वाद झाला आणि सर्वच प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला नाही. मात्र हा रोग ज्वारी खाणाऱ्या सर्वांना होत नव्हता. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाण्याची चटणी किंवा मांस मिळणाऱ्या घरांत तो दिसत नसे. ज्यांच्या ताटात भाकरीखेरीज काहीच नसे, त्यांनाच तो गाठत असे. डॉ. गोपालन यांनी ज्या संस्थेत हे काम केले, ती आज राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून हैदराबाद येथे कार्यरत आहे.

गोल्डबर्गर यांच्या निधनानंतर सहा दशकांनी हा रोग आफ्रिकेत पुन्हा मोठ्या प्रमाणावर दिसला. मोझांबिकमधील यादवीमुळे मलावीत आश्रय घेतलेले लाखो निर्वासित मदत म्हणून मिळणाऱ्या मक्यावर अवलंबून होते. त्यांना नायसिन मिळत होते ते शिध्यातील शेंगदाण्यांतून. त्या शेंगदाण्यांचा पुरवठा खंडित झाला आणि १९९० मध्ये काही महिन्यांतच तेथे पेलाग्राच्या सुमारे १८ हजार रुग्णांची नोंद झाली.